अर्गिरिसवर तीन वेळा थुंकणे

आपला खेळ आपल्यापेक्षा हुशार माणसाला शिकवू नये, हे मला आता पक्कं कळलं आहे. पण तेव्हा अर्गिरिस माझ्यापेक्षा हुशार असेल अशी मला शंकासुद्धा नव्हती. तो पडदे विकतो.

त्याला शिकवायचं खरं कारण सांगून टाकतो. मला कुणाला तरी हरवायचं होतं. मी कॉलेजात होतो तेव्हापासून हा पत्त्यांचा खेळ खेळतोय. (रमी-बिझिक नव्हे. यात ड्रॅगन, चेटक्या, दलदली वगैरे असतात. पुड्यांतली पानं विकत घेऊन जमवायची, त्यातून आपापला कॅट बांधायचा आणि तो समोरच्याच्या अंगावर घालायचा. ज्याचे प्राण आधी संपतात तो हरला.) इतकी वर्षं माझ्यासमोर एकच भिडू होता, सारांदिस. तो दातांचा डॉक्टर आहे, आणि समोरच्याच्या वेदनांचं त्याला काही वाटत नाही. मी दर शुक्रवारी त्याच्याकडून हरून घरी यायचो.

माझी बायको एवान्थिया एकदा म्हणाली, "फोतिस, या खेळात दोघंच बसतात ना रे? मग चुकून तरी कधी तू जिंकायला हवास."

म्हणून मी अर्गिरिसला शिकवला. तो आमच्या दिवाणखान्याचे पडदे लावायला आला होता. त्याला म्हटलं, बस जरा, एक गंमत दाखवतो. पहिल्या आठवड्यात तो माझ्याकडून सारखा हरला आणि दर वेळी माझे आभार मानून गेला. मी ऑफिसात पाणीपट्टीच्या बिलांवर शिक्के मारताना शीळ घालू लागलो. महिन्याभरात त्यानं मला हरवलं. मला वाटलं, नशीब. मग त्यानं सारांदिसला हरवलं. मग पत्त्यांच्या दुकानातल्या शुक्रवारच्या स्पर्धेत तो पहिला आला. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले तेव्हा तो म्हणाला, "मला सगळं फोतिसनं शिकवलंय." लोकांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि विषय बदलला.

तेव्हापासून माझं पोट दुखायला लागलं. आडून कशाला सांगू, मी जळत होतो. तो पानं पिसायला लागला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पिसायचासुद्धा किती छान!

अशात आमच्या थेसालोनिकी शहरात, प्रदर्शनाच्या मैदानावर मोठी स्पर्धा जाहीर झाली. युरोपभरचे खेळाडू येणार होते. तिघा-तिघांचे संघ, तिघांनी शेजारी शेजारी बसायचं, प्रत्येकानं आपल्या समोरच्याशी खेळायचं आणि तिघांपैकी दोघं जिंकले की संघ जिंकला. मधल्या खुर्चीवर कप्तान बसतो, कारण त्याला दोन्हीकडची पानं दिसतात. ती खुर्ची माझीच, असं मी धरून चाललो होतो.

"मध्ये अर्गिरिस बसेल," सारांदिस म्हणाला.

"का बरं?"

"त्याला दोन्ही बाजूंना मदत करता येईल."

"आणि मी?"

"तू कडेला बस. तिथं वारा चांगला लागतो."

शनिवारी सकाळी एवान्थियानं चीज भरलेली खारी पेस्ट्री डब्यात भरून दिली. मोठा तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळला होता. "हा अर्गिरिसचा," ती म्हणाली. "त्याला डोकं चालवायचंय." माझा तुकडा कडेचा होता.

सभागृहात टेबलांच्या रांगाच रांगा होत्या. आम्ही जिंकत गेलो. आम्ही म्हणजे ते दोघं. मी दर फेरीत शिस्तीत हरत होतो आणि ते दोघं जिंकत होते. त्यामुळे संघ पुढे जात होता आणि मी त्याच्यामागून फरफटत होतो. मंडळी अर्गिरिसमागे उभी राहून त्याचा डाव बघू लागली. एका मुलीनं आमचा फोटो काढला आणि मला दाखवला. अर्गिरिस हसत होता, सारांदिस हसत होता आणि उजवीकडे माझं कोपर होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझे डोळे निळे आहेत. आमच्या घराण्यात कुणाचेच नाहीत. (माझ्या आजीपाशी हा विषय काढलेला चालत नसे.) आणि निळ्या डोळ्यांची दृष्ट सगळ्यांत वाईट, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी रस्त्यानं निघालो की बाया बाबागाडीचं छप्पर खाली ओढतात. मेव्हणीच्या मुलाच्या बारशाला मला शेजारच्या खोलीतून बघायला सांगितलं होतं. आम्ही नवा फ्रिज आणला तेव्हा मी त्याला "छान आहे" म्हणालो, तर तो संध्याकाळी बंद पडला. माझ्या सासूबाईंना, कल्लिरोईबाईंना, फ्रिजची दृष्ट काढावी लागली. पाण्याच्या वाटीत तेलाचे थेंब सोडतात. थेंब फुटून पसरले तर दृष्ट आहे, अख्खे राहिले तर नाही. दृष्ट लागलेल्याचं डोकं दुखतं, त्याला जांभया येतात, आणि दृष्ट मोठी असली की काढणाऱ्यालाही येतात. या कामात सासूबाईंचा हात धरणारं अख्ख्या इमारतीत कुणी नाही.

तर, एक फेरी उरली होती. ती जिंकली की रविवारी खेळायला मिळणार. आणि अर्गिरिस एकाएकी जांभया द्यायला लागला. डोकं धरून बसला. चेहरा पांढरा पडला.

"ऊन लागलं असेल," मी म्हणालो. (आम्ही सकाळपासून छपराखाली होतो.)

"याला दृष्ट लागलीय," सारांदिस म्हणाला. दहा वर्षं वैद्यकी करणारा माणूस! "तुझ्या सासूबाईंना फोन लाव."

मी लावला. त्यानं तो माझ्या हातातून घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"कोण? तो पडदेवाला पोरगा?" सासूबाई म्हणाल्या. "लागणारच. किती गुणी आहे. थांबा, वाटी घेते."

नळाचा आवाज आला. मग पुटपुटणं. मग एक लांबलचक जांभई, तिच्यामागून दुसरी.

"आई गं, काय मोठी आहे. जबडा निखळेल माझा. तेल बघा कसं पसरलंय, वाटीभर झालंय."

"बाईची की पुरुषाची?" सारांदिसनं विचारलं.

"पुरुषाची. निळ्या डोळ्यांचा आहे मेला. जवळच आहे. पोटात आग पडलीय त्याच्या. ज्यानं लावली त्यानंच तीनदा थुंकायला हवं, माझ्यानं एवढी नाही उतरायची. अर्गिरिस, जेवलास का रे?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"इथं निम्मं सभागृह डच आणि स्वीडिश आहे," मी म्हणालो.

"हो हो, अगदी बरोबर," सारांदिस घाईघाईनं म्हणाला. "मागच्या फेरीतला तो उंच डच. तोच असणार."

मला हायसं वाटलं, आणि त्याचं वाईटही वाटलं. पण हायसं जास्त वाटलं.

तो डच कॉफीच्या रांगेत सापडला. सारांदिस त्याला म्हणाला, "एक विनंती आहे. आमच्या मित्रावर थुंकाल का?"

"मी हरलो, पण माझा राग नाही," डच म्हणाला.

"रागानं नको. प्रेमानं थुंका."

"ही इथली पद्धत आहे?"

"हो. तीन वेळा."

त्यानं जरा विचार केला, हातातला कप मित्राकडे दिला आणि खाली वाकून अदबीनं थुंकला. थू, थू, थू. मग त्याच्या मित्रानं विचारलं, आम्हीही थुंकायचं का? पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? मागे उभ्या असलेल्या दोन फिनिश पोरांना वाटलं की हा स्वागताचा काही प्रकार आहे. तीही पुढे सरसावली. अर्गिरिस रुमालानं तोंड पुसत उभा होता आणि प्रत्येकाचे आभार मानत होता. गुणी माणूस. तेसुद्धा माझ्या डोळ्यांत खुपलं.

गुण काही आला नाही. येणार कसा? रोग एकाचा आणि औषध भलत्याचंच.

शेवटची फेरी हंगेरीच्या तीन भावांशी होती. मी त्यातल्या धाकट्याकडून हरलो. तो इतक्या पटकन जिंकला की त्यानं मला, आणखी एक डाव नुसता मजेखातर खेळायचा का, असं विचारलं. सारांदिस जिंकला. आता सगळं अर्गिरिसवर येऊन ठेपलं, आणि अर्गिरिसला डोळे उघडे ठेवणं कठीण झालं होतं. दोघांनी एकेक डाव जिंकला होता. तिसऱ्यात त्याचे प्राण भराभर चालले होते. हातात ड्रॅगन होता, आणि हा माणूस बेडूक उतरायच्या बेतात होता.

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. छातीत गुदगुल्या झाल्या. मनात म्हटलं, उतर बेडूक, उतर, म्हणजे लोकांना कळेल की शेवटी हा पडदेवालाच. आणि लगेच मी घाबरलो. कारण तो हरला तर आम्ही घरी, मीही घरी, आणि आयुष्यात एकदा रविवारी खेळायची माझी संधी या माझ्याच दोन डोळ्यांनी खाल्ली असं होणार. शिवाय तो माझा मित्र. त्यानं पडदे लावायचे पैसेही घेतले नव्हते.

"थांब," मी म्हणालो. "ती दृष्ट माझी आहे."

अर्गिरिसनं पानांवरून मान वर केली. "माहीत आहे रे."

"माहीत आहे?"

"मघापासून वाट बघतोय, कधी थुंकतोस म्हणून."

"मग तो डच?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून," सारांदिस म्हणाला. "आता थुंक लवकर, वेळ चाललाय."

मी थुंकलो. खरं तर नुसता आवाज काढायचा असतो. पण माझ्या मनात कित्येक महिन्यांचं साठलं होतं. तिसरी थुंकी अर्गिरिसच्या चष्म्यावर पडली, आणि तिचा थोडा भाग ड्रॅगनवर.

पंच धावत आली. पोर्तुगालची, तरणी, कडक पोरगी.

"तुम्ही आपल्याच खेळाडूवर थुंकलात?"

"हो."

"का?"

"मी त्याच्यावर जळतो," मी म्हणालो. एवढ्या सगळ्या लोकांसमोर, एवढ्या स्पष्टपणे मी आजवर काहीच बोललो नव्हतो, लग्नातसुद्धा.

"हा औषधोपचार आहे," सारांदिस पुढे होऊन म्हणाला. "मी डॉक्टर आहे."

"कसले?"

"दातांचा."

पंचानं हंगेरीच्या थोरल्या भावाला विचारलं, तुमची काही हरकत? तो म्हणाला, आमच्या आजीकडेही असंच करतात, फक्त ती चाटते. तेव्हा पंचानं मला सक्त ताकीद दिली आणि डाव संपेपर्यंत पाठ करून बसायला सांगितलं. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं होतं. त्याच्यावरच्या सूचना मी वाचल्या. माझ्यासाठीच लिहिल्यासारख्या होत्या.

मागे चष्मा पुसल्याचा आवाज आला. मग अर्गिरिस म्हणाला, "डोकं दुखायचं थांबलं." मग पान टेबलावर आपटलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्या एका डावात माझा खरोखर काही हातभार लागला होता, तो मला बघायला मिळाला नाही.

रविवारी आम्ही खेळलो. दुपारच्या आतच बाहेर पडलो, पण खेळलो. अर्गिरिसची मुलाखत झाली. "मला सगळं फोतिसनं शिकवलंय," तो त्यातही म्हणाला. मी हसलो. जळालं, पण कमी जळालं.

संध्याकाळी सगळे आमच्याकडे जेवायला जमले. सासूबाई होत्या, सारांदिस होता, अर्गिरिस होता. त्याच्या ताटात मासा मोठा होता. आणि जेवता जेवता माझं डोकं ठणकायला लागलं. जांभई आली. दुसरी आली. माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. रविवारी खेळलेला माणूस मी! कुणी तरी पाहिलंच असेल, कुणाच्या तरी पोटात दुखलंच असेल.

"आई," मी शक्य तितक्या खंगलेल्या आवाजात म्हणालो, "मला दृष्ट लागलीय बहुतेक."

सासूबाईंनी वाटीत पाणी घेतलं, पुटपुटल्या, बोटानं तेलाचे थेंब सोडले. आम्ही सगळे वाकून बघू लागलो. थेंब पाण्यावर उभे होते. गोल, अख्खे, तकतकीत. एकही हलला नाही. सासूबाईंना जांभईसुद्धा आली नाही.

"पुन्हा बघा ना," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा सोडले. पुन्हा तेच.

"काही नाही रे पोरा," त्या माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या. "इतकं स्वच्छ तेल मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. तुझ्यावर कुणी म्हणता कुणी जळत नाही."

"फ्रिजवरसुद्धा जळलं होतं कुणी तरी," एवान्थिया म्हणाली.

मग सासूबाईंनी ते थेंब चमच्यानं अलगद उचलले आणि चांगलं तेल वाया जाऊ नये म्हणून अर्गिरिसच्या सॅलडवर सोडले.