बोलका फ्रिज आणि काकूंचा नेम

"बघालच तुम्ही! या गल्लीत औषधालासुद्धा उपाशी माणूस सापडणार नाही!" असं फ्रिजवाल्या काकांनी छातीठोकपणे जाहीर केलं, आणि पंचाईत अशी की ते पहिल्याच दिवशी खरं झालं.

काकांनी चाळीस वर्षं लोकांचे फ्रिज दुरुस्त केले. काम सोडल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा भंगारातून काचेच्या दाराचा एक अवाढव्य फ्रिज आणून त्यांनी फाटकाबाहेर मांडला. योजना अगदी साधी. ज्याच्या घरी जास्तीचं उरलं त्याने डबा ठेवायचा, ज्याला भूक लागली त्याने उचलायचा. ना पैसा, ना चौकशी!

पण एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले? फळीवरचा डबा उचलला रे उचलला, की लाल दिवा गरगरायचा, घंटा ठणाणायची आणि खुद्द काकांच्या आवाजात फ्रिज गरजायचा, "या! लाजू नका! पोटभर जेवा!" वरच्या पाटीवर आकडा एकाने वाढायचा. तो आकडा एका संस्थेला दाखवून असे शंभर फ्रिज उभे करायचे, हा काकांचा बेत.

काकू मात्र भलत्याच मृदू. देवापुढे दिवा लावतानासुद्धा काडीचा आवाज होऊ द्यायच्या नाहीत. त्या सकाळी हळूच म्हणाल्या, "अहो, मी आजपासून नेम धरलाय. एक तरी भुकेला माणूस आपल्या फ्रिजमधलं जेवला, की मगच मी जेवणार."

"अगं, मग तुला नऊलाच ताट घ्यावं लागेल!"

नऊ वाजले. दहा वाजले. फ्रिजमध्ये अकरा डबे, पाटीवर भोपळा!

काका रस्त्यावर उतरले. समोरच्या शिंप्याला विचारलं, "काय रे, भूक लागलीय का?"

"आत्ताच खाल्लं, काका. ढेकर ऐकवू?"

पोस्टवाल्या बाईंनी पिशवीतला स्वतःचा डबा दाखवला. एवढ्यात कोपऱ्यावर एक सुकलेला गृहस्थ दिसला. काकांनी त्याचं मनगटच धरलं. "तुम्ही नक्की उपाशी!"

"कालपासून!"

"वा! चला, जेवा!"

"नको हो! रक्त तपासायला चाललोय. उपाशीपोटीच यायला सांगितलंय!"

बारा वाजता काकू पाणी प्यायल्या. एक वाजता परत पाणी प्यायल्या. "अगं, तू खाऊन घे," काका गयावया करू लागले. काकू नुसत्या हसल्या. ते हसू काकांना भांडणापेक्षा जड गेलं.

दोनच्या सुमारास मात्र हातगाडी ओढत एक हमाल आला. गाल आत गेलेले. त्याने इकडेतिकडे बघितलं. काका झुडपाआड श्वास रोखून बसले. हमालाने हळूच दार उघडलं, डबा उचलला...

ठणठणठण! "या! लाजू नका! पोटभर जेवा!"

सगळ्या खिडक्या उघडल्या. कुत्री भुंकायला लागली. हमालाने डबा परत ठेवून दोन्ही हात वर केले. "देवाशपथ, मी काही चोरलं नाही!"

"अहो, थांबा, जेवा!" काकांनी झुडपातून उडी घेतली. दाढीत पाला, डोळे लाल! हमाल गाडीसकट सुसाट सुटला. मागे काका, काकांच्या मागे "चोर, चोर!" करत शिंपी! कोपऱ्यावर गाडी दिसेनाशी झाली आणि काकांनी फतकल मारली.

परत आले ते शिंप्याच्या खांद्यावर हात टाकून. डोळ्यांपुढे काजवे! काकूंनी त्यांना पायरीवर बसवलं.

"अहो, सकाळपासून तुम्ही काय खाल्लं?"

"खाल्लं? मी?" काका आठवायला लागले. "चहा... नाही, तोही तसाच राहिला."

काकू शांतपणे उठल्या, फ्रिजमधला एक डबा उचलला. ठणठणठण! "या! लाजू नका! पोटभर जेवा!"

"जेवा," काकू म्हणाल्या. "सापडला उपाशी माणूस."

पाटीवर आकडा दोन. एक पळालेला, एक पकडलेला!

काकांनी पहिला घास घेतला आणि वर बघितलं. सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. कान तापले. आता कुठे काकांच्या डोक्यात उजेड पडला. "जेवून घे गं," ते काकूंना पुटपुटले, "आणि मला जरा पकड दे."

काकू जेवल्या. काकांनी वायर तोडली, दिवा काढला, घंटा काढली, आकड्याची पाटी उतरवली आणि शिंप्याच्या मदतीने फ्रिज बाजूच्या बोळाकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाही डबे रिकामे! घासूनपुसून पालथे घातलेले, आणि शेजारी हातगाडीच्या चाकांचे ठसे. काकूंनी बरोबर नऊला ताट घेतलं. काकांनी संस्थेला कळवलं, "आकडा नाही. येऊन डबे बघा."

राहता राहिली ती बोलकी घंटा. ती काही वाया गेली नाही. डॉक्टरांनी काकांचं गोड बंद केलंय. परवा दुपारी काकूंचा डोळा लागलाय असं बघून काकांनी स्वयंपाकघरात चवड्यांवर जाऊन मिठाईचा डबा अलगद उचलला...

ठणठणठण! "या! लाजू नका! पोटभर जेवा!"

चाळीस वर्षं फ्रिजवाल्याच्या घरात काढल्यावर दोन वायरी जोडणं काकूंना काय अवघड!