राजाक्काच्या पात्याचं वजन

राजाक्का मगदूमचा राग पात्यात उतरायचा आणि पात्याचं वजन वाढायचं.

कुपवाडच्या त्या कारखान्यात कुलिंग टॉवरच्या अवाढव्य पंख्यांची पाती बनत. साच्यात काचतंतूचं कापड अंथरायचं, वर रेझिन चोपडायचं, रोलरनं हवा काढायची. एका साच्यावर एक बाई, सहा पात्यांचा एक पंखा. सहाही वजनाला सारखी हवीत, नाहीतर पंखा गदगदा हलतो. पाच जणींची पाती जुळत, राजाक्काचंच तेवढं जड भरे.

आणि का येऊ नये हो राग? सगळ्या जगाला वारा घालणारे पंखे इथं घडायचे आणि घडवणाऱ्या बायकांच्या शेडमध्ये एक पंखा नव्हता! रेझिनच्या वासानं डोकं उठायचं. बाकीच्या मुकाट सोसत. राजाक्का सांगून सांगून थकली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी मॅनेजर कोठावळे साहेबांनी तिला बोलावलं. "मगदूमबाई, कापड तेवढंच, रेझिन तेवढंच. म्हणजे वरचं वजन रागाचं. आवरा, नाहीतर साचा काढून घ्यावा लागेल."

"शेडात पंखा लावा साहेब, राग आपसूक उतरंल."

"पंख्याची तरतूद नाही."

राजाक्काच्या घरात कमावती ती एकटीच. साचा गेला तर खायचं काय?

साहेबांनी मात्र शांतपणे विचार केला. पाती सारखी हवीत, हलकीच हवीत असं काही नाही. त्यांनी बाकीच्या पाच जणींचा चहा बंद केला. राजाक्काचा चालू ठेवला, उगाच तिचं आणखी वाढायला नको.

झालं! पाच जणींची तोंडं सुटली. "मेल्यांनो, वारा न्हाई तर न्हाई, चहाबी तोडता व्हय?" शेड दणाणून गेली. राजाक्कानं आपला चहा सहा जणींत वाटला. कितीतरी दिवसांनी ती खदखदून हसली.

पाचही पाती जड भरली आणि राजाक्काचं हलकं.

"हे काय बाई?" साहेब भडकले. "राग कुठं गेला?"

"आता समद्याच बोलत्यात साहेब. मला एकटीला राग धरून बसायची गरज न्हाई उरली."

"ते मला सांगू नका. ऑर्डर अडलीय. राग कमी पडला म्हणून तुमचा साचा काढून घेतोय."

"रागावलं तरी जाणार, न्हाई रागावलं तरी जाणार? ही कुठली रीत?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा जाऊन तिनं पातं भरलं. ते बाकीच्या पाचांशी बरोबर जुळलं.

साहेबांनी तिची पाठ थोपटली. "शाब्बास! जमतं की नाही? रोज एवढाच राग आणत जा."

राजाक्का साच्याकडं वळली. तिनं पुढचं पातं भरलं.

ते आठ जणांना साच्यातून निघालं नाही. साखळदंड लावले, तेही तुटले. पातं साच्यात, साचा जमिनीत घट्ट. साचा काढून घ्यायला साहेब स्वतः दोनदा येऊन गेले. राजाक्का अजून त्याच साच्यावर कामाला आहे.