सर्व्हर दौंड

"दौंडात बसून शिरूरचा सर्व्हर सांभाळीन, आप्पा. तुमच्या माणसानं त्याला हातसुद्धा लावायचा न्हाई," ख्रिस्तोफर छाती फुगवून म्हणाला.

पॉलआप्पांचं शिरूरला ठिबकच्या नळ्यांचं दुकान. तिन्ही शाखांची बिलं आतल्या खोलीतल्या एका सर्व्हरवर चालायची. ख्रिस्तोफरला मात्र हवी होती ती आप्पांची लेक, शॅरन. तिचा होकार कधीचाच होता. गाडं अडलं होतं आप्पांपाशी. "पोरगा गुणाचा हाय, पण दिवसभर घरात बसतो. घरात बसणाऱ्याला पोरगी द्यायची कशी?" असं ते चर्चच्या पायऱ्यांवर भेटेल त्याला विचारायचे. घरबसल्या लांबलांबच्या कंपन्यांच्या सर्व्हरवर नजर ठेवणं हा कामधंदा असू शकतो, हे काही केल्या त्यांना पटेना. शेवटी शॅरननंच तोड काढली. महिनाभर आपला सर्व्हर त्याच्या हवाली करा, काम पसंत पडलं तर मागणी घालू द्या.

ख्रिस्तोफरनं सगळं चोख बसवलं. सर्व्हर बंद पडला की आप्पांच्या फोनवर आपोआप मेसेज जाणार, तोही मराठीत. 'सर्व्हर डाऊन. लगेच.', म्हणजे बंद पडलाय, लगेच बघतो. हे शब्द त्यानं मोबाइलवरच टाइप केले. आता मोबाइल कुणाचा, तर जन्मापासून दौंडात राहिलेल्या माणसाचा. 'दौंडला पोचलो', 'दौंडहून निघालो' हेच लिहून लिहून मोबाइललाच सवय लागलेली. शब्द सुधारायच्या नादात मोबाइलनं परस्पर 'डाऊन'चं 'दौंड' करून टाकलं. आणि दुसऱ्यांच्या सर्व्हरवर डोळ्यात तेल घालून बसणाऱ्या या गड्यानं स्वतःचा मेसेज काही परत वाचला नाही!

मंगळवारी शिरूरची वीज गचका देऊन गेली आणि सर्व्हर बसला. आप्पांचा फोन वाजला. 'सर्व्हर दौंड. लगेच.'

"दौंडला मागवलाय," आप्पा म्हणाले. "दुरुस्तीला असंल."

"पर हात लावायचा न्हाई म्हणला व्हता की," दुकानातला मच्छिंद्र म्हणाला.

"मग गोधडी आण."

वायरी उपटल्या, लेकरू गुंडाळावं तसा सर्व्हर गोधडीत गुंडाळला आणि दोघं पिकअपमधून निघाले. वायरी उपटलेला सर्व्हर उत्तर देणार कुठून? मेसेजवर मेसेज यायला लागले. 'सर्व्हर दौंड. लगेच.' 'सर्व्हर दौंड. लगेच.'

"काय घाई तरी या पोराची," आप्पा वैतागले. "मच्छिंद्र, दाब जरा."

इकडं ख्रिस्तोफरच्या पडद्यावर सगळं लालेलाल. लांबून जेवढ्या कळा फिरवता येतात तेवढ्या त्यानं फिरवल्या. शेवटी आप्पांना फोन लावला.

"आप्पा, सर्व्हर..."

"व्हय बाबा, निघालोय!" आणि फोन बंद.

आप्पा दुकान सोडून रागानं निघून गेले, असं ख्रिस्तोफर समजला. शॅरनला फोन करायची तर छातीच होईना. त्यानं मोटरसायकल काढली आणि तडक शिरूर गाठायला निघाला. न्हावऱ्याजवळ समोरून एक पिकअप अंगावर आल्यासारखी गेली. त्यानं तिच्या ड्रायव्हरला चांगल्या शिव्या हासडल्या.

दुकानात शॅरन कागदावर बिलं खरडत होती.

"सर्व्हर कुठंय?"

"तुम्हीच मागवलात ना दौंडला?" तिनं वडिलांनी पाठवलेला मेसेज पुढं धरला.

तो वाचून ख्रिस्तोफर नळ्यांच्या भेंडोळ्यावर मटकन बसला. शॅरन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"हसतेस काय? संपलं आपलं. आता तुझे वडील मला दारात उभं करायचे न्हाईत."

तेवढ्यात त्यांचाच फोन आला. "मी तुझ्या घरी बसलोय. तुझ्या आईनं, हन्नाताईंनी, चहा दिला. तू कुठं हायेस?"

"शिरूरला, आप्पा. तुमच्या दुकानात."

"घरात न्हाईस?"

"न्हाई."

"आमचा सर्व्हर बंद पडला म्हणून एवढ्या उन्हाचा गाडी हाणत गेलास?"

"व्हय," ख्रिस्तोफर कसाबसा म्हणाला.

तिकडं आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "आन् मी गावभर म्हणत फिरलो, पोरगा घरात बसतो. हन्नाताई, काहीतरी गोड करा. मागणी पसंत हाय."

शॅरननं बिलाचे कागद हवेत उडवले. गिऱ्हाइकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

"फक्त एक," आप्पा पुढं म्हणाले, "ते लांबून सांभाळायचं थेर बंद. आज आलास तसं रोज येत जायचं."

आता लग्न होऊन वर्ष झालं. ख्रिस्तोफर रोज सकाळी मोटरसायकलला किक मारतो, शिरूरच्या दुकानाच्या आतल्या खोलीत त्या एका सर्व्हरशेजारी खुर्ची टाकतो आणि तिथून बाकीच्यांचे सर्व्हर लांबूनच सांभाळतो. आप्पा चर्चच्या पायऱ्यांवर अभिमानानं सांगतात, "आमचा जावई घरात म्हणून बसत न्हाई. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सासुरवाडीतच बसलेला असतो."