पोटाने ऐकायचा बास

बार्लीच्या चहात वर्तुळं.

संत्र्यांची पेटी, पाच किलोची.

सुवन शहराहून देजन, मेहुण्याच्या गाडीने दीड तास.

"बास कानाने नाही, पोटाने ऐकायचा असतो."

हे शेवटचं वाक्य प्यो ग्युचलचं. निवृत्तीनंतर, गेल्या नोव्हेंबरात, त्याने स्वतःसाठी घेतलेली एकुलती एक वस्तू म्हणजे हा वूफर, बासच्या म्हणजे खालच्या घुमणाऱ्या सुरांचा वेगळा स्पीकर. सोफ्याशेजारचा काळा ठोकळा. बास नसलेलं गाणं म्हणजे हाडं नसलेला माणूस, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे आणि पुरावा म्हणून चहाचा पेला जमिनीवर ठेवे. धप्, धप्. चहा थरथरे. ग्युचल डोळे मिटे.

बायकोची, ओकसनची, अट एकच. एक तक्रार आली की ठोकळा तिच्या भावाकडे, देजनला.

बुधवारी संध्याकाळी छतातल्या सूचनांच्या स्पीकरवर इमारतीचा पहारेकरी खाकरला. फ्लॅट सहाशे दोनमध्ये वरून धपधप ऐकू येते, संबंधितांनी शेजाऱ्यांचा विचार करावा.

नाव घेतलं नव्हतं. घेत नाहीतच. गप्प बसला असता तर तिथेच मिटलं असतं. पण वूफर वाचवायचा होता. सातशे दोनमधल्या ग्युचलने बास अर्ध्यावर आणला. तरी चहा तसाच थरथरला. "दणकट माल आहे," तो म्हणाला, आणि संत्री घेऊन खाली माफी मागायला गेला.

खालच्या मा बाईंनी पेटी घेतली आणि दोन वर्षांचं सगळं उकरून काढलं. डंबेल आपटणारे तुम्हीच का? पहाटे लसूण कुटणारे? मुलांना घरभर धावू देणारे? ग्युचलच्या घरात मूल नव्हतं. पण संत्री देऊन झाल्यावर नाही कसं म्हणायचं? प्रत्येक प्रश्नाला तो कमरेत वाकत गेला. बातमी पसरली, शुक्रवारी पाचशे दोनलाही पेटी द्यावी लागली. शनिवारी मेहुणा ह्योनबे ठोकळा घेऊन गेला.

रविवारी त्याचा फोन आला.

"दाजी, हा तुम्ही चालवायचात कसा? प्लगवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही."

ग्युचलने फोन ठेवला. लहान स्पीकरवर गाणं चालूच होतं. पोटात बास भरून येत होता. ओकसनने जमिनीवरच्या पेल्याकडे बघितलं, मग छताकडे.

"अहो," ती म्हणाली, "आता आपण तक्रार करायची तरी कुठल्या तोंडाने?"

वर, आठशे दोनमध्ये, ट्रेडमिल आली ती वूफरच्या आधी, ऑक्टोबरात.