हानाची राखण

हाना जर्मनीहून विंझरच्या शाळेत फुकट इंग्रजी शिकवायला आली होती आणि वनिताच्या घरी राहत होती. पण मे महिना लागला, शाळेला सुट्टी पडली, आणि एवढी धडधाकट पोरगी रिकामी बसलेली वनिताला बघवेना. तिनं तिला गच्चीवर कुरडया राखायला बसवलं. सायकलच्या ट्यूबची बेचकीही करून दिली.

"कावळा दिसला की हाण. लागाय नको, नुस्ता उडाय पायजे."

हानानं हे काम इतकं मनावर घेतलं की विंझरचे कावळे गावाला वळसा घालून जाऊ लागले. शेजारणी आपल्या कुरडया वनिताच्या गच्चीवर आणून टाकू लागल्या, आणि वनिताची मान "आमची हाना" म्हणताना जरा उंच होऊ लागली.

बक्षीस म्हणून रविवारी हानाला सहलीला न्यायचं ठरलं. तिनं टोपी, चटई, उन्हाचं मलम अशी तयारी केली. पण वनिताच्या माहेरी, पासलीत, तिचे चुलते सावळारामअण्णा यांनी नेमका असा दिवस धरून प्राण सोडला की दहावा त्याच रविवारी आला.

"आता वं?" वनितानं नवऱ्याला विचारलं.

ज्ञानू हिशेबी माणूस. "नदी हाय, झाडी हाय, जेवान हाय, जीप जातीयच. सहलीला अजून काय लागतं?"

वाटेत त्यानं हानाला दहावा समजावून सांगायचा प्रयत्न केला. "अण्णा गेले. म्हंजी गेले, पर आज जेवाय येणार."

"खूप छान," हाना म्हणाली.

नदीकाठी भावकी जमली होती. अण्णांची दोन पोरं, भिमा आणि संजय, डोकी भादरून दोन टोकांना उभी होती. बांधावरून भांडण होतं. एकमेकांचं तोंड बघत नव्हती. गुरुजींनी खडकावर पिंड ठेवले, शेजारी अण्णांच्या आवडीची भजी आणि बिडी. कावळा बुजू नये म्हणून सगळे मागं सरकून हात जोडून उभे राहिले. वनितानं हानाला निरगुडीच्या जाळीआड चटई टाकून दिली. "हितंच बस. गप." अण्णांची बायको भामाबाई, गुडघे धरलेले म्हणून, त्याच जाळीजवळ दगडावर टेकली होती.

करंजावर कावळ्यांची रीघ होती. एक झेपावला, पिंडापासून वीतभर आला आणि दचकून उडाला. दुसऱ्याचंही तेच झालं.

"काय राह्यलं आसंल ओ अण्णांचं?" कुजबुज सुरू झाली.

थोरला भिमा पुढं झाला. "अण्णा, तांबडी गाय इकत न्हाई. या आता."

कावळा आला. खडकावर टक् वाजलं. कावळा गेला.

तो टक् वनिताला ओळखीचा वाटला. तिनं मान वळवली. जाळीच्या फटीत टोपी होती, टोपीखाली एक मिटलेला डोळा आणि पुढं ताणलेली बेचकी. हानाच्या बाजूनं बघितलं तर चूक काहीच नव्हती. अन्न उघड्यावर, कावळे टपलेले, आणि एवढी माणसं हात जोडून नुसती बघत उभी.

वनितानं डोळे वटारले. हानानं समजल्यासारखी मान डोलावली. वनितानं हात हलवला, नको, नको. हानाला वाटलं, डावीकडं अजून एक आहे. होता. तोही गेला.

वनिता घामानं भिजली. समोर सगळं माहेर. ओरडावं, तर पासलीत कायमचं नाव निघणार: वनीनं चुलत्याच्या पिंडावरचे कावळे हाणायला परदेशातनं माणूस आणलं. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला वाटलं, पण नदीकाठी सगळा खडकच होता.

तेवढ्यात धाकट्या संजयचा बांध फुटला. "अण्णा, म्या बांध सरकावलाय. हुता तितं लावतो!"

"ऱ्हाऊ दे की रं," भिमा म्हणाला. "माजंबी चुकलं." दोन तुळतुळीत डोकी एकमेकांच्या खांद्यावर पडून रडू लागली. भावकी रडू लागली. वनिताही रडू लागली. आता खरं सांगावं, तर बांध परत जागचा हलणार.

टक्.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "दर्भाचा कावळा करून शिववूया का? मला पुढं किकवीला जायचंय."

तेव्हा भामाबाईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "गवताचा कावळा त्यास्नी चालायचा न्हाई. मनात अजून हाय त्यांच्या. माज्या खाटंवर पंखा बसवायचा हाय म्हनायचे."

"बसवतो!" दोन्ही पोरं एकदम ओरडली.

टक्.

"मला कवळी करायची हुती."

"करतो!"

टक्.

"आन् कोकणात नेऊन दर्या दावायचा हुता."

"अण्णा जित्तेपणी आईशी एवढं बोलत न्हवते," भिमा दबक्या आवाजात म्हणाला.

"मनात हुतं," भामाबाई म्हणाली.

"दावतो, आई, दर्याबी दावतो!"

टक्.

वनिताला सोसवेना. ती वाकून भामाबाईजवळ गेली आणि पदर तोंडाशी धरून पुटपुटली, "काकी, माज्याकडनं लई मोठं पाप..."

भामाबाईची नजर पिंडावरून हलली नाही. तिनं फक्त वनिताचा हात दाबला. "वने, त्या पोरीला म्हनावं, आता बास. च्या पी म्हनावं. हात दुकला आसंल."

वनितानं जाळीत शिरून बेचकी काढून घेतली. लगेच करंजावरनं एक कावळा उतरला, पिंडाला शिवला आणि भजं घेऊन गेला. गुरुजी किकवीला गेले.

निघताना भामाबाईनं हानाच्या गालावरून हात फिरवला. "वर्सश्राद्धालाबी आण हिला," ती मोठ्यानं म्हणाली. मग वनिताच्या कानाशी: "पंखा बसला न्हाई तर लागंल."

परतीच्या वाटेवर वनिता लाजेनं बाहेर बघत बसली. विंझर आलं तेव्हा हाना मान खाली घालून म्हणाली, "आई, सॉरी. तुम्ही बेचकी घेतली. मी हातानं दगड मारला नाही. माझ्याकडून एक कावळा सुटला."

वनितानं पदराखालची बेचकी काढली आणि तिच्या हातात दिली.