आठ वाजताचा प्रश्न

शनिवार, १४ मार्च. काम: अकरा नारळ सोलून, फोडून, खवून त्यांच्या वड्या करणे.

नारळ माझे नाहीत. आमच्या समोरच्या दारातल्या टिपणीसकाकांचे आहेत. गेल्या रविवारी ते एका पोत्यातून माझ्या स्वयंपाकघरात आले आणि आठवडाभर ओट्याखाली पडून राहिले. आज सुट्टी आहे, म्हणून खवणी काढली. अकरा नारळ खवायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात माणसाचा विचार करून होतो.

टिपणीसकाका रोज सकाळी बरोबर आठ वाजता जगाला एक प्रश्न विचारतात. प्रश्न साधारण असा असतो: 'तेविसाव्या भागात रावजी पोस्टमास्तरांच्या टेबलावर किती शिक्के होते?' मग दहा वाजेपर्यंत ते कॉम्प्युटरसमोर बसून उत्तरांची वाट बघतात. या दोन तासांत त्यांच्याकडे गॅसवाला आला तर तो सिलिंडर माझ्याकडे ठेवून जातो. एकदा इमारतीत खालच्या मजल्यावर धूर झाला होता. सगळे जिने उतरून खाली उभे राहिले. काका दहा वाजून दोन मिनिटांनी उतरले आणि म्हणाले, "सर्वांनी नोंद घ्यावी, उत्तरं एकोणीस आली."

'तांबडी पेटी' नावाची एक मालिका पूर्वी टीव्हीवर लागायची. कोकणातल्या एका गावचं पोस्ट ऑफिस, तिथले पोस्टमास्तर रावजी आणि त्यांच्याकडे येणारी पत्रं. बावन्न भाग झाले आणि संपली. ज्यांनी बघितली ते बहुतेक विसरले. जे विसरले नाहीत, त्यांच्यासाठी काकांनी सतरा वर्षांपूर्वी इंटरनेटवर 'तांबडी पेटी रसिक मंडळ' काढलं. काका महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झाले, म्हणजे तसा कागदोपत्री शेरा आहे. खातं मात्र त्यांच्या अंगातून निवृत्त झालेलं नाही. मंडळात शिरायचं तर अर्ज. अर्जाला क्रमांक. गावाला जायचं तर रजेचा अर्ज, त्यात परत येण्याची तारीख. एका बाईंनी 'लवकरच येईन' असं लिहिलं, तर काकांनी 'लवकर म्हणजे कधी?' असं विचारून अर्ज परत केला. लग्न का केलं नाही असं त्यांना कोणी विचारलं तर ते म्हणतात, "अर्जच आला नाही."

नियम चौतीस होते. त्यातला चौदावा महत्त्वाचा: सदस्यांनी आपापसात खासगी निरोप पाठवू नयेत, जे काही बोलायचं ते सर्वांसमोर बोलावं. काकांचं म्हणणं, मंडळं फुटतात ती कुजबुजीने. आमची सोसायटी बघता त्यात तथ्य आहे.

मी सदस्य क्रमांक चारशे बारा. मी ही मालिका बघितलेली नाही. एकही भाग नाही. माझे मिस्टर गेले त्याला नऊ वर्षं झाली. मुलगी तेव्हा नुकतीच हैदराबादला नोकरीला लागली होती. दिवस-कार्य उरकून ती परत गेली, त्याच आठवड्यात काका एक छापील अर्ज घेऊन दारात आले आणि सही करा म्हणाले. मला वाटलं, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी असेल. सही केली. दुसऱ्या दिवशी आठ वाजता फोन वाजला आणि त्यावर रावजींच्या मेव्हणीचं नाव विचारलेलं होतं.

मी काकांना सांगायला गेले की, मला यातलं ओ का ठो कळत नाही. त्यावर त्यांनी त्यांचं आवडतं वाक्य ऐकवलं.

"उत्तर चुकलं तरी चालेल. उत्तर आलं पाहिजे."

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे चुकलेलं उत्तर चालत नाही, त्यामुळे हे वाक्य मला फारच गचाळ वाटलं. पण नऊला ड्यूटी असते, सकाळी वाद घालायला वेळ नसतो. एक दिवस प्रश्न होता, दत्तू पोस्टमनच्या छत्रीचा रंग कोणता. मी ठोकून दिलं, 'निळा'. दुसऱ्या दिवशी विचारलं, रावजींना मुलं किती. घाईत होते, परत 'निळा' लिहिलं. काहीच झालं नाही. तेव्हापासून मी रोज 'निळा' लिहिते. नऊ वर्षं. त्यात तीनदा उत्तर बरोबर आलं आणि काकांनी तीन वेळा जाहीर अभिनंदन केलं.

मी हे सगळं एका म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला म्हणून करत होते. तसं मी मुलीला सांगितलंही होतं. ती म्हणाली, "आई, तू किती चांगली आहेस गं." मलाही तसंच वाटत होतं.

दोन महिन्यांपूर्वी मंडळ ज्या परदेशी कंपनीच्या जागेवर चालायचं, त्या कंपनीने कळवलं की आम्ही हा धंदाच बंद करतोय, १४ मार्चनंतर काही दिसणार नाही. काकांनी त्यांना मराठीत मुदतवाढीचा अर्ज पाठवला. उत्तर आलं नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं की निरोप समारंभ घ्यायचा, रीतसर, प्रत्यक्ष भेटून. कोपरीत एका सदस्याच्या सोसायटीचा छोटा हॉल मिळाला. मला जायचं नव्हतं. पण काकांना डोंबिवलीहून सतरंज्या, फळा आणि पाण्याचे जार एकट्याने नेता आले नसते.

रविवारी हॉलमध्ये आम्ही दोघं सोडून अकरा माणसं जमली. सतरा वर्षं रोज बोलणारी आणि एकमेकांचे चेहरे कधीही न बघितलेली. माणसं दारात थबकून आपला क्रमांक सांगत होती, जणू शिधा घ्यायला आली आहेत. मंडळावर कमालीचं तिखट लिहिणारे सदस्य एकतीस हे शीळफाट्याचे कदम निघाले. पंचाहत्तरीचे, गोरेपान आणि इतके मऊ बोलणारे की दोनदा विचारावं लागलं. माजिवड्याची स्मिता त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे मला 'तुमची बुद्धी पोस्टात गहाळ झाली आहे' असं लिहिणारे तुम्ही?" कदम लाजले.

मग सत्कार. कदम उठले, पिशवीतून शाल-नारळ काढला आणि काकांना दिला. टाळ्या झाल्या. मग स्मिता उठली. तिच्याही पिशवीत शाल-नारळ. तिच्यामागे ठाण्याचं एक जोडपं, दोघांचे वेगवेगळे. काकांच्या नकळत सत्कार करायचा, हे प्रत्येकाने मनात ठरवलेलं. ते एकमेकांना विचारायचं तर सर्वांसमोर विचारावं लागलं असतं, म्हणजे काकांच्या देखत. नियम चौदा. सतरा वर्षं नियम पाळलेली माणसं शेवटच्या आठवड्यात तो मोडणार नव्हती. अकरा शाली आणि अकरा नारळ झाले. मी फक्त पाण्याचे जार आणले होते. एक शाल घातली आणि दुसरी ठेवली असं करणं म्हणजे काकांना पक्षपात वाटला, म्हणून त्यांनी अकराही अंगावर घेतल्या. मार्चचा उकाडा, हॉलचा एक पंखा बंद. पुढचा अर्धा तास एक गाठोडं घामाघूम होत भाषण करत होतं.

भाषण कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे होतं. अहवाल, आभार, पुन्हा आभार. शेवटच्या मुद्द्याला काका अडखळले. कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "पंधरा तारखेपासून प्रश्न कोण विचारणार, हा विषय शिल्लक आहे."

सगळे हसले. विनोद समजले. स्मिता म्हणाली, "काका, आपला व्हॉट्सअॅप ग्रुप आहे ना. तिथे विचारा की." काकांनी मान हलवली आणि खाली बसले. त्यांना शालींमुळे नीट बसताही येत नव्हतं, त्यावर अजून हसणं झालं. मीही हसले.

तर आज. सात नारळ खवून झाले होते, तेव्हा बेल वाजली. काका उभे होते. हातात जाडजूड वह्यांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला. पाणी खात्यात असायच्या तशा, आडव्या, लाल पाठीच्या.

"तुमचा रद्दीवाला येतो ना उद्या? हे त्यात घाला. मंडळ आज संपतंय."

मी म्हटलं, ठेवा. ते कॉम्प्युटरकडे परत गेले नाहीत. दहा वाजून गेले होते, शेवटच्या प्रश्नाची उत्तरं येऊन गेली होती. ते खुर्चीवर बसून माझं खवणं बघत राहिले. माझे हात ओले होते. ते पुसून मी वरची वही उघडली, कारण रद्दीत द्यायच्या कागदाला पिना असल्या तर काढाव्या लागतात.

प्रत्येक पानावर तारीख, सदस्यांचे क्रमांक आणि पुढे बरोबरची खूण. उत्तर बरोबर की चूक, याला रकानाच नव्हता. शेवटचा रकाना होता 'शेरा'. तो मी वाचू लागले.

'सदस्य ३१. उत्तर नाही. १०.०५ फोन. उचलला नाही. शीळफाट्याला जाऊन आलो. घरीच, फोन पाण्याच्या पिंपात पडला होता.'

'सदस्य ८८. उत्तर नाही. फोन केला. आवाज बारीक. मुलाला कळवलं.'

'सदस्य २०४. उत्तर नाही. शेजाऱ्यांना दार वाजवायला सांगितलं. न्हाणीघरात पडल्या होत्या. आता बऱ्या.'

मी खाली बसले. क्रमांक एकोणीसच होते. एकोणीस माणसं, आणि हळूहळू लक्षात आलं की ही सगळी एकटी राहणारी आहेत. मुलाबाळांत राहणाऱ्यांनी उत्तर दिलं नाही तर वहीत त्याची दखल नव्हती. मग मी चारशे बारा शोधला. पाच वर्षांपूर्वीच्या वहीत सापडला.

'सदस्य ४१२. उत्तर नाही. ९.५० दुधाची पिशवी दारालाच. १०.०० बेल. दार उघडलं. ताप. रागावल्या, म्हणजे ठीक. गोळ्या पाठवल्या.'

मला तो दिवस आठवतो. अंगात ताप, आणि दारात हा माणूस रावजींच्या चष्म्याची काडी कोणत्या बाजूची मोडली होती ते विचारतोय. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते ऐकून काका चक्क खूश होऊन गेले होते. थोड्या वेळाने वॉचमन तापाच्या गोळ्या घेऊन आला, तेव्हा मला वाटलं मुलीने हैदराबादहून फोन केला असेल.

"हे कधी सुरू केलंत?" मी विचारलं.

काका नारळाच्या शेंड्या गोळा करत होते. "कल्याणचे एक होते. सदस्य अकरा. त्या चष्म्याच्या काडीवरून रोज भांडायचे माझ्याशी. मग एकदा चार दिवस आलेच नाहीत. मी म्हटलं, रुसले." शेंड्यांची त्यांनी नीट जुडी केली. "रुसले नव्हते."

मी वही मिटली. लॅबमध्ये राहून एवढं कळतं की कुठला रिपोर्ट मोठ्याने वाचायचा नसतो.

"ग्रुपवर विचारून बघितलं मी, आठवडाभर," ते म्हणाले. "आठला प्रश्न टाकला की आठ-दहापर्यंत त्यावर चाळीस सूर्योदय येऊन पडतात. तिथे गप्प बसलेला माणूस दिसत नाही."

"आणि तुमचं उत्तर कोण बघतं, काका?"

"मी प्रश्न विचारतो. विचारणाऱ्याने उत्तर द्यायचं नसतं."

"हा कुठला नियम?"

त्यांनी विचार केला. चौतीस नियम मनातल्या मनात चाळले. "लिहिलेला नाही," ते म्हणाले.

मी त्यांना चार नारळ आणि खवणी दिली. काम हातात असलं की माणूस वाद घालत नाही. ते खवत होते तोवर मी कदमांना आणि स्मिताला फोन लावले, खासगीत, नियम चौदा मोडून, आणि वहीत काय आहे ते सांगितलं. स्मिता म्हणाली, "मावशी, मी हसले हो तेव्हा." मी म्हटलं, हसणं राहू दे, कागद-पेन घे. एकोणीस माणसं. त्यातली सात कदमांकडे, कारण त्यांना वेळ आहे. सहा स्मिताकडे, ती एकटी राहत नाही पण फोनवर पटापट बोलते. सहा माझ्याकडे; कदम स्वतः माझ्या यादीत, मी स्मिताच्या. रोज आठला फोन, प्रश्न एकच, तो काकांनी आदल्या संध्याकाळी काढून द्यायचा. कदम इतकं हळू बोलतात की त्यांच्या लोकांना प्रश्न कळेल की नाही ही शंका काकांनी काढली. मी म्हटलं, उत्तर आलं की झालं. ते खवायचे थांबले, माझ्याकडे बघितलं आणि परत खवू लागले.

वड्या एकशे अठ्ठावीस झाल्या. एक घाणा जरा लागला.

रविवार, १५ मार्च. सकाळी आठला पाच मिनिटं असताना कॉम्प्युटर नसलेल्या माणसासारखे काका घरात फेऱ्या मारत होते, हे मला दारातूनच ऐकू येत होतं. आठला मी माझे सहा फोन केले. सहाही उत्तरं आली. मग नवी वही काखेत मारून समोरची बेल वाजवली. वहीत खाली मी एक क्रमांक वाढवला होता: सदस्य एक.

काकांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, कुठे जायचं नसताना.

"आजचा प्रश्न," मी म्हटलं. "अकरा नारळांच्या वड्या किती झाल्या?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, वहीतला तो शेवटचा क्रमांक वाचला. काल वड्या त्यांनीच मोजल्या होत्या, दोनदा. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला.

"निळा," ते म्हणाले.

मी खूण केली आणि डबा त्यांच्या हातात देऊन घरी आले. गॅसवर कुकर होता.