एकाच खेपेच्या तीन डिस्क

पहिली हार्ड डिस्क गेली तेव्हा पंपवाले काका घाबरले नाहीत, अजून दोन होत्या. दुसरी गेली तशी त्यांनी तिसरी रजईत गुंडाळली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन दुरुस्तीच्या दुकानात नेली.

तिन्हींवर एकच गोष्ट होती. वारलेल्या बायकोचं फोनवरचं बोलणं, काकांच्या हातून चुकून टिपलं गेलेलं. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

"काका, बाळ आणलंय की काय?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"थंडी बाधू नये म्हणून."

"अहो, हिला गरमी बाधते! रोज किती वेळ चालू असायची?"

"बंद केलीच नाही. जन्मभर पाण्याच्या पंपावर होतो मी. चालता पंप दगा देत नाही, बंद करून सुरू करताना देतो."

"आणि ठेवायचात कुठे?"

"फ्रिजवर. तिघी शेजारी शेजारी, वरून रजई."

दुरुस्तीवाल्याने कपाळाला हात लावला. "खालून हादरे, वरून भट्टी! घेतल्या कुठून?"

"एकाच दुकानातून, एकाच दिवशी. दुकानदार म्हणाला, एकाच खेपेच्या आहेत, सख्ख्या बहिणी."

"मग जाणारही एकीमागे एक. खेपेत खोट असली की सगळ्यांत असते. एखादं मॉडेल वर्षानुवर्षं कुरकुरत नाही, एखादं लगेच मान टाकतं. थोडी घडण, थोडं नशीब, बाकी तुम्ही कसं सांभाळता त्यावर."

"सांभाळायचं खातं बायकोकडे होतं," काका म्हणाले.

तिसरीत धुगधुगी होती. काका दिवसभर दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. घरी जाऊन तरी काय करणार होते? संध्याकाळी आवाज निघाला. दुरुस्तीवाल्याने तो दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर उतरवला.

"एक तुमच्या घरी, एक दुसऱ्याच्या घरी. एका घरात काही झालं तरी दुसरी उरेल. आणि वर्षातून एकदा जोडून बघा."

"दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या?"

"ते मी कसं सांगू? असेल की कोणीतरी!"

काका स्टॉपवर उभे राहून आठवत होते. शेजाऱ्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं. पंपावरचे सोबती पांगले होते. दोन बस सोडल्यावर ते तिसरीत चढले आणि मेहुणीच्या दारात जाऊन उभे राहिले. बायको गेल्यापासून तिकडे फिरकले नव्हते. धाकटीचा आवाज थेट बहिणीसारखा होता, तो सोसवत नसे.

"जिवंत आहात होय, भाऊजी! ताई गेली म्हणजे आम्हीही गेलो का?"

काकांनी डिस्क पुढे केली. धाकटीने ती कॉम्प्युटरला जोडली.

"अगं, यांचं काय सांगू!" बायको बोलू लागली. "काल चहा केला मला. दूध, साखर, आलं, सगळं होतं. चहाची पावडरच नव्हती. वर विचारतात, कसा झालाय?"

"हे तर ती माझ्याशीच बोलत होती!" धाकटी हसायला लागली आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. काकाही हसले. बऱ्याच महिन्यांनी हसल्यामुळे त्यांना ठसका लागला.

"वर्षातून एकदा तपासायला येईन," ते उठत म्हणाले.

"वर्षातून? मशीनचा काय भरवसा? दर रविवारी यायचं, जेवायलाच."

"रविवारी जमतंय का, बघतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. धाकटीने सकाळी दार उघडलं, तर समोर काका.

"काल बसमध्ये फार धक्के बसले गं," ते चपला काढत म्हणाले. "म्हटलं, बघावं, नीट आहे ना."